रिवाइंड क्रँकची दांडी तुटली तर

फिल्म कॅमेऱ्यात रोल संपवून रिवाइंड क्रँकने, म्हणजे गुंडाळायच्या हँडलने, फिल्म परत कॅसेटमध्ये (तिच्या डबीत) घेताना दांडी तुटून हातात आली की पहिला विचार गोंदाचा येतो. जरा थांबा. दांडी एकटी क्वचितच तुटते. पुढे कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं आणि तो सगळा जोर बिचाऱ्या दांडीवर आलेला असतो. अडलेलं न शोधता दांडी जोडली तर पुढच्या एक-दोन रोलांत ती पुन्हा जाईल.

रचना साधी आहे. वर डाव्या हाताला नॉब, त्याच्या खाचेत घडी होऊन बसणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला फिरती गुंडी. नॉबखालचा शाफ्ट वरच्या प्लेटमधून फिल्मच्या कप्प्यात उतरतो. शाफ्टच्या शेवटी दोन दातांचा फोर्क असतो, तो कॅसेटच्या स्पूलमधल्या आडव्या पट्टीत अडकतो. पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, ऑलिंपस ओएम-१ अशा बऱ्याच एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) हाच नॉब वर ओढला की मागचं झाकण उघडतं. त्यामुळे इथली मोडतोड नुसती गुंडाळण्यापुरती राहत नाही, झाकणही अडकून बसू शकतं.

आत फिल्म असेल तर आधी ती वाचवा. रिवाइंड बटण (बहुतेक कॅमेऱ्यांत तळाला) पूर्ण दाबलेलं आहे ना ते पाहा. बऱ्याचदा सगळ्या भानगडीचं मूळ हेच असतं: बटण अर्धवट दाबलेलं, फिल्म पुढे सरकवणारं दातेरी चाक सुटलेलं नाही आणि माणूस जोर लावत बसलाय. बहुतेक कॅमेऱ्यांत बटण एकदा दाबलं की आतच राहतं, काहींत शेवटपर्यंत दाबून धरावं लागतं. चाक सुटलेलं असेल तर दांडीशिवायही नॉबची खरबरीत कड चिमटीत धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिल्म गुंडाळता येते. ३६ फ्रेमच्या रोलला साधारण तीस फेरे लागतात. कंटाळवाणं आहे, पण होतं. नॉबही गेला असेल तर शाफ्टच्या टोकाला रबराचा तुकडा गुंडाळून ते लहान पक्कडीने फिरवा. सावकाश फिरवा; कोरड्या हवेत फिल्म भराभर गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि त्यांच्या फांद्या निगेटिव्हवर उमटतात.

तेही जमलं नाही तर चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालून आत अंधारात काम करायची काळी पिशवी. पूर्ण अंधार हवा, लाल दिवासुद्धा नको, कारण नेहमीच्या पँक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाशही दिसतो. झाकण उघडून फिल्म उजवीकडच्या स्पूलवरून मोकळी करा आणि कॅसेटच्या बाहेर आलेलं स्पूलचं टोक बोटांनी फिरवत ती आत घ्या. बॅगेत हाताला घाम लवकर येतो आणि ओली बोटं इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला) चिकटतात, म्हणून फिल्म कडांनीच धरा.

कॅमेरा रिकामा झाला की झाकण उघडं ठेवून नॉब फिरवा आणि फोर्ककडे बघा. नॉबबरोबर फोर्क फिरला तर शाफ्ट आणि आटे ठीक आहेत, दुरुस्ती दांडीपुरतीच. नॉब फिरतो पण फोर्क जागचा हलत नाही, तर नॉब शाफ्टवर सैल झालाय किंवा आटे गेलेत. तिसरा प्रकार फसवा. फोर्क नीट फिरतो, मघाशी दांडीही हलकी फिरत होती, तरी फिल्म कॅसेटमध्ये येत नव्हती. इथे क्रँकचा दोषच नाही. शेवटच्या फ्रेमनंतर वाइंडिंग लिव्हर (फिल्म पुढे सरकवायचा) जोराने ओढला गेला आणि फिल्म कॅसेटच्या स्पूलवरून उखडली. अशी फिल्म अंधारातच काढावी लागते.

आता नॉब काढणं. शटरच्या पडद्यावर बोट किंवा हत्यार जाऊ नये म्हणून आधी तिथे जाड कागदाचा तुकडा ठेवा. मग फोर्कच्या दातांमध्ये आइस्क्रीमची लाकडी काडी घालून तो घट्ट धरा आणि नॉब उलट, म्हणजे गुंडाळण्याच्या विरुद्ध दिशेने फिरवा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, दात वाकतात आणि मग फोर्क कॅसेटमध्ये शिरत नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांत नॉबच्या बाजूला बारीक सेटस्क्रू असतो किंवा दांडी उघडल्यावर मधोमध पेच दिसतो. तसं असेल तर पिळण्याआधी तो सोडवा. हट्टी आट्यांवर टूथपिकने अ‍ॅसिटोनचा एकच थेंब सोडा आणि दहा मिनिटं वाट पाहा. प्लॅस्टिक आणि रंगाला अ‍ॅसिटोन लागू देऊ नका.

निकॉन एफई, मिनोल्टा एक्स-७००, कॅनन ए-१ यांत नॉबभोवतीच आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) तबकडी असते. तिथे नॉब निघाला की तबकडीही मोकळी होऊ शकते आणि खालची टिक-टिक करणारी बारीक गोळी उडते. गोळी गादीखाली गेली तर शोधत बसाल, म्हणून हे काम कड असलेल्या ट्रेमध्ये करा. तबकडी कुठल्या आकड्यावर होती त्याचा फोटो आधी घ्या. चुकीच्या जागी बसली तर मीटर प्रकाश चुकीचा मोजेल आणि ते कळेल थेट रोल धुऊन आल्यावर. वॉशर निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा.

दांडी तुटते दोन ठिकाणी: तिला नॉबशी जोडणाऱ्या पिनेपाशी किंवा पीन धरणाऱ्या नॉबच्या कानांपाशी. कुठे तुटली यावर उपाय ठरतो. फिरवताना जोर मुख्यतः नॉबच्या खाचेच्या भिंतींमार्फत जातो, पीन दांडीला फक्त जागेवर धरते. म्हणून नुसती पीन गेली असेल तर दुरुस्ती सोपी आणि टिकाऊ असते. कान तुटले असतील तर मात्र गोंदाच्या भरवशावर राहू नका.

पिनेचं काम असं. जुन्या पिनेचं चेपलेलं डोकं बारीक कानशीने घासा आणि पिनेपेक्षा किंचित बारीक पंचने ती दुसरीकडून बाहेर ढकला. भोक मोजा, बहुधा १ ते १.५ मिमी निघेल. तेवढ्याच जाडीची पितळी तार घ्या. शिवणाची सुई वापरावीशी वाटते, पण ती कडक असते, डोकं चेपताना तडकते. तार नॉबच्या रुंदीपेक्षा १ मिमी लांब कापा, म्हणजे दोन्हीकडे अर्धा मिमी बाहेर राहील. दांडी आणि कान यांच्यामध्ये साध्या कागदाची पट्टी घालून नॉब व्हाइसच्या सपाट तोंडावर टेकवा आणि लहान हातोडीने हलके ठोके देत टोक पसरवा. एकच जोराचा ठोका दिलात तर कानच तुटेल. झाल्यावर कागद ओढून काढा. त्याच्या जाडीएवढी मोकळीक उरते आणि दांडी घट्ट होत नाही. दांडीला घडीत धरणारी पत्र्याची बारीक स्प्रिंग खाचेत असेल तर ती विसरू नका, नाहीतर दांडी सैल लोंबेल.

कान बहुतेक जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. हा धातू ठिसूळ असतो. वाकलेला कान सरळ करायला गेलात की तुटतो. सोल्डर त्याला धरत नाही, आणि ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास धातूच वितळायला लागतो. त्यामुळे तुटलेल्या बाजूला आधाराचा पत्रा द्यावा. ०.५ मिमी पितळी पत्र्याचा यू आकार कानाभोवती बसवा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन भागांच्या इपॉक्सीने जोडा. पाच मिनिटांत सुकणारं नको, हळू सुकणारं घ्या आणि २४ तास हात लावू नका. पिनेचं भोक नंतर पाडा. सुपरग्लू कॅमेऱ्याच्या जवळपाससुद्धा आणू नका, त्याच्या वाफेने काचेवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट थर बसतो.

नॉबचेच तुकडे झाले असतील तर सरळ त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा नॉब शोधावा. दिसायला सारख्या नॉबांचे आटे मॉडेलनुसार वेगळे असतात. जबरदस्तीने पिळलं की शाफ्टचेही आटे जातात आणि दुखणं दुप्पट होतं.

फोर्कचा एकच दात तुटला असेल तर बिघडत नाही. एका दातानेही स्पूल फिरतो, फक्त तो सरळ आणि पूर्ण लांबीचा हवा.

बसवताना वॉशर उलट क्रमाने चढवा. त्यांतला एखादा प्रकाश अडवण्यासाठी असतो. तो राहिला तर शाफ्टच्या भोकातून उजेड आत येतो आणि कॅसेटच्या बाजूच्या फ्रेमवर पट्टा उमटतो. शाफ्टला ग्रीसचा अगदी पुसट हात पुरे, तेल नकोच, ते खाली ओघळून कप्प्यात जातं. आट्यांना कमी ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच लावा आणि बोटांच्या जोरानेच नॉब आवळा, नाहीतर पुढच्या वेळी काढताना रडाल.

चाचणी वाया गेलेल्या रोलवर घ्या. प्रत्येक वाइंडला नॉब उलटा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फोर्क पूर्ण खाली बसलेला नाही किंवा फिल्म पुढे सरकत नाहीये. मग बटण दाबून गुंडाळा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताण सारखा लागला पाहिजे, आणि फिल्मचं टोक उजवीकडच्या स्पूलवरून सुटताना हलका झटका बसून क्रँक एकदम मोकळा फिरला पाहिजे. त्याआधीच जड झाला तर जोर लावू नका. दुसरी कॅसेट घालून पाहा. तीही जड गेली तर अडचण रिवाइंड बटणाच्या यंत्रणेत आहे, क्रँकमध्ये नाही.