नकाशात निळं, पायाखाली गवत

एप्रिलचा शेवटचा रविवार

आई आल्यापासून "तुमच्याकडं तळं-बिळं आहे की नाही?" विचारत होती. आज टोफील्डला नेलं, बीव्हरहिल लेक दाखवायला. कॅनडातल्या आमच्या एडमंटनपासून तासाभराचा रस्ता. नकाशात केवढा निळा डाग, आणि पोचलो तर गवतच गवत. आई उतरली, चारी दिशांना बघून म्हणाली, "अगं, पाणी कुठंय? हा तर माळ!"

भरलेला असला की हा तलाव १४० चौरस किलोमीटरच्या आसपास. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई जवळजवळ दोनदा मावेल. खोली मात्र भरल्यावरही अडीच मीटरच्या आत. आमची निफाडची विहीर याच्या कितीतरी पट खोल! परातीत पाणी ओतावं तसा प्रकार. वारा सुटला की पाणी तळापासून ढवळतं, गाळातला फॉस्फरस वर येतो, शेवाळ माजतं. हिवाळ्यात वर जाड बर्फ, खाली प्राणवायू संपतो, म्हणून मोठे मासे टिकत नाहीत. त्यामुळे पाण्यातले किडे उरतात, पाखरांना मेजवानी. १९८७ साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला तो या पाखरांमुळेच. (आपल्या नांदूर मध्यमेश्वरचं नाव २०२० मध्ये जाहीर झालं. आईला हे सांगितल्यावर जरा बरं वाटलं.)

पाणी पुरेसं चढलं तरच ओढ्यावाटे नॉर्थ सास्कॅचेवान नदीकडं जातं. नाहीतर ऊन-वाऱ्यानं उडतं आणि क्षार मागं उरतात. आईनं पांढरी खपली बोटानं उचलली. "कालव्याखालच्या जमिनी अशाच पांढऱ्या पडतात."

२००६ च्या सुमारास तलाव जवळजवळ कोरडाच पडला होता. 'तलाव मेला' म्हणणारे इथंही भेटतात. मला ते पटत नाही. उघड्या पडलेल्या चिखलात वर्षानुवर्षं निजलेलं बी रुजतं, लव्हाळी येते. पुढं पाणी आलं की बदकांना आयता आडोसा. आईला हे समजवावं लागलं नाही. "म्हणजे गाळपेरच की, पाणी ओसरल्यावर गाळात पेरतात तशी," म्हणाली.

तेवढ्यात स्नो गूजचे, म्हणजे पांढऱ्या रानहंसांचे, थवे आले, आर्क्टिककडं निघालेले. बार्लीच्या धसकटांत उतरले आणि असा कलकलाट केला की आमचं बोलणं थांबलं. आई तासभर हलली नाही. थंडीनं नाक लाल.

घरी येऊन बूट धुवायला घेतले तर आईनं चिखल टाकू दिला नाही. खरवडून बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत घातला. खारट आहे म्हटलं, तरी पाणी घालून मोकळी झाली.