शेअर सर्टिफिकेटवरचे नाव

गेल्या वर्षी ठाण्यात जुनी सदनिका विकत घेताना आम्ही मोठी चूक करता करता वाचलो. विक्रेते हे मूळ मालकांचे चिरंजीव होते. वडील गेल्यावर सोसायटीने नामनिर्देशनाच्या (नॉमिनेशनच्या) आधारे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा दाखला, त्यांच्या नावे करून दिले होते, मेंटेनन्सच्या पावत्याही त्यांच्याच नावाच्या होत्या आणि घरावर कर्ज नव्हते. आम्ही टोकन देण्याच्या बेतात असताना आमच्या वकीलबाईंनी मात्र वेगळेच विचारले: "वडिलांनी मृत्युपत्र केले होते का? नसेल, तर आई आणि बहिणी कुठे आहेत?"

मृत्युपत्र नव्हते, आई हयात होत्या आणि दोन बहिणी सासरी नांदत होत्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते, आणि मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. त्यामुळे एक चतुर्थांशाचे मालक असलेले ते गृहस्थ आम्हाला संपूर्ण घर विकायला निघाले होते, आणि तेही पूर्ण प्रामाणिकपणे, कारण नॉमिनी म्हणजे मालक अशीच त्यांची समजूत होती.

ही समजूत इतकी रुजलेली आहे की, सोसायटीच्या कार्यालयातही ती अधिकारवाणीने सांगितली जाते. वस्तुतः नामनिर्देशनामुळे सोसायटीने व्यवहार कोणाशी करावा एवढेच ठरते. मालकी उत्तराधिकाराच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीतील सदनिकेच्या नॉमिनीविषयीच्या इंद्राणी वाही प्रकरणात 2016 मध्ये संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावे असे म्हटले, पण इतर वारसांना आपला हक्क मागण्याची मोकळीकही ठेवली. 2019 मध्ये महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात आलेल्या तरतुदीने तर नॉमिनीला केवळ तात्पुरते सदस्यत्व दिले आहे.

आमच्यापुढे दोन मार्ग होते. आई व बहिणींनी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचे, किंवा चौघांनी मिळून विक्री करारावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या. आम्ही दुसऱ्याचा आग्रह धरला, कारण "बहीण काय, सही करेलच" हे वाक्य मला फारसे रुचत नाही. चौघांच्या सह्या म्हणजे पैसेही चौघांच्या खात्यात. व्यवहार दोन महिने लांबला, पण झाला.

हा सगळा खटाटोप वडिलांच्या एका कागदाने वाचला असता. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी करणाऱ्यासमोर आपल्या सह्या कराव्यात, एवढी भारतीय उत्तराधिकार अधिनियमाची अपेक्षा आहे. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी ती करावी असे माझे मत आहे. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. करणारी व्यक्ती वृद्ध असेल, तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. घर संयुक्त नावावर असेल, तर प्रत्येकाला आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते, म्हणून पती-पत्नींची मृत्युपत्रे वेगवेगळी असलेली बरी. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही आणि गोव्यात तर वेगळाच नागरी कायदा लागू आहे, त्यामुळे अशा वाचकांनी हे सगळे जसेच्या तसे उचलू नये.

आमच्या कराराची नोंदणी झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघांनी आपापली मृत्युपत्रे लिहिली. "गृहप्रवेशाच्या आधी हे अभद्र कशाला?" असे सासूबाई म्हणाल्या खऱ्या, मात्र दुपारी चहा पिताना त्यांनीच गावच्या घराचा सातबारा काढून आणला आणि त्यावरची नावे मला मोठ्याने वाचायला लावली. त्यांत आजेसासऱ्यांचे नाव अजूनही तसेच आहे.