आईला कुणी विचारलंच नव्हतं

आईला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. त्यावरच्या ओसिमर्टिनिब या गोळीचा परिणाम होईनासा झाला, तेव्हा न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या डॉक्टरांनी पुढचा उपाय सांगितला: कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमो, दर तीन आठवड्यांनी. क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे नवं औषध रुग्णांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासाचा, विषय मी काढला. ते मोकळेपणाने म्हणाले, "आहेत की. पण प्रवास, इंग्रजीचा प्रश्न, वय... त्यांना झेपणार नाही असं वाटलं, म्हणून बोललो नाही."

डॉक्टर चांगले आहेत, आजही आईच्या तब्येतीवर त्यांचंच लक्ष आहे. पण त्या "म्हणून"मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर उपचारांचं अर्धं दुखणं आहे. इथे कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, तरी त्याने मरण्याचं त्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. ट्रायल्समध्ये तर त्या आणखीच कमी दिसतात. "ते लोक तयारच होत नाहीत, त्यांचा विश्वास नसतो" हे ठरलेलं उत्तर. अविश्वासाला कारण आहेच. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता सरकारी डॉक्टर नुसतं बघत बसले होते, हे कोण विसरेल? पण २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा दिसलं की ज्यांना ट्रायलबद्दल खरोखर विचारलं जातं त्यांतले निम्म्याहून अधिक लोक हो म्हणतात, आणि कृष्णवर्णीय रुग्णांचा होकार गोऱ्यांपेक्षा कमी नसतो. गाडी विचारण्याच्या आधीच अडते.

आईला ग्रीन कार्डावर येऊन पाच वर्षं झालेली नव्हती, म्हणून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, नाही. राज्याच्या विमा-बाजारातून घेतलेला खाजगी विमा होता. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदवहीत मी रोग, ईजीएफआर (आईच्या गाठीत ज्या जनुकात बदल आहे तो) आणि न्यू जर्सी असं घालून शोधलं. यादी भली मोठी येते, घाबरू नका. आधी "रुग्ण घेणं चालू आहे" एवढंच ठेवायचं, मग प्रत्येक ट्रायलच्या पात्रतेच्या अटी वाचायच्या. अर्ध्याहून जास्त तिथेच गळतात. उरलेल्यांतली जी सगळ्यात बरी वाटली, तिचं एक केंद्र न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये होतं. तिथल्या समन्वयक बाई तत्पर होत्या, कागद मागवले, सगळं जमत आलं, आणि विम्यावर येऊन थांबलं.

ही मेख समजून घेण्यासारखी आहे. ट्रायलचं नवं औषध कंपनी फुकट देते. स्कॅन, रक्ततपासण्या, डॉक्टरांच्या भेटी, नेहमीची केमो हा रोजचा खर्च विम्याने द्यायचा. बहुतेक खाजगी विम्यांना २०१४ पासून तो कायद्याने द्यावा लागतो आणि २०२२ पासून मेडिकेडलाही, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यालाही. पण तुमचा विमा नेटवर्कबाहेरचं (त्याच्याशी करार नसलेल्या डॉक्टर-रुग्णालयांचं) काहीच देत नसेल, तर ट्रायलसाठी वेगळा अपवाद करायला तो बांधील नाही. न्यूयॉर्ककडे जाताना हडसन नदी ओलांडली की आईचा विमा संपत होता. मी त्याच ट्रायलचं न्यू जर्सीतलं केंद्र शोधलं, ते नेटवर्कमध्ये निघालं, म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे हे शोधत बसायला कुणी नाही त्यांचं काय होत असेल, हे आम्हाला पुढे दिसलंच.

या नव्या केंद्रात एक नॅव्हिगेटर होती. रुग्णाचं बोट धरून त्याला या सगळ्यातून पुढे नेणं, एवढंच तिचं काम. ही कल्पना डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात सुरू केली. फुकट तपासणी आणि नॅव्हिगेटर यांच्या जोरावर तिथल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं! २०२४ पासून मेडिकेअर या कामाचे वेगळे पैसे देतं. पहिल्या भेटीत "इथे नॅव्हिगेटर आहे का?" हे विचाराच. आमच्या नॅव्हिगेटरने विम्याची परवानगी, जुन्या बायॉप्सीचा ठोकळा (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागवणं, स्कॅनच्या सीडी ही सगळी धावपळ आपल्याकडे घेतली. ती नसती तर मी नोकरी सोडली असती किंवा ट्रायल.

मग आला संमतीचा कागद. इंग्रजीत, जाडजूड. मी म्हटलं, मी वाचून सांगते. नॅव्हिगेटर म्हणाली, तसं चालणार नाही. नियमच तसा आहे: रुग्णालयाने पात्र दुभाषा फुकट द्यायचा, नातेवाईकावर भागवायचं नाही. पण दुभाषांच्या सेवेत त्या दिवशी हिंदी आणि गुजराती हजर होते, मराठी नव्हता. कुणीतरी सुचवलं, हिंदी जवळजवळ तीच, नाही का? आईला हिंदी येते, मालिका बघण्यापुरती. ती म्हणाली, "जिवाचं बोलायचंय, मराठीतच बोलेन." तारीख पुढे गेली.

दुसरी अडचण कागदाची. रुग्णाच्या भाषेत सगळा मसुदा तयार नसेल तर अमेरिकी नियमांत एक वाट आहे. एक छोटा संमतीपत्राचा नमुना तिच्या भाषेत द्यायचा, बाकी सगळं दुभाषामार्फत तोंडी समजावायचं, आणि दोन्ही भाषा जाणणारा साक्षीदार हजर ठेवायचा. रुग्ण छोट्या नमुन्यावर सही करते, साक्षीदार नमुन्यावरही आणि तोंडी सांगितलेल्याच्या लेखी सारांशावरही. या केंद्राकडे तो नमुना बऱ्याच भाषांत होता, मराठीत नव्हता. भाषांतर करून नीतिसमितीकडून मंजूर करून घ्यायला वेळ गेला, आणि इकडे आईचं जुनं औषध ट्रायलच्या अटीप्रमाणे बंद होतं. त्या मधल्या दिवसांत तिचा खोकला वाढत होता. भाषेची अडचण म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी हे दिवस सांगेन.

साक्षीदारही रुग्णालयातच सापडली. प्रयोगशाळेत काम करणारी नागपूरची एक बाई, जेवणाच्या सुट्टीत वर आली.

दरम्यान साताऱ्याहून मामाचा फोन: "ताईला सगळं सांगत बसू नका, ती खचेल." आपल्या घरांत हे प्रेमानेच चालतं. पण संमतीच्या प्रक्रियेत लपवायला जागाच नसते. पडद्यावरचा दुभाषा डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होता. आजार पसरलाय, बरा होणार नाही, लांबवता येईल, हेही त्याने तसंच सांगितलं. मी आईकडे बघायचं टाळत होते. आई म्हणाली, "मला कळलंय केव्हाच. तुम्ही आपसात बोलता, मला कुणी विचारत नाही." मग तिने डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली.

"औषध कुठलं मिळणार हे तुम्ही ठरवणार?" नाही, संगणक ठरवणार, डॉक्टरांच्याही हातात नाही. नवं औषध किंवा नेहमीची केमो. नुसत्या साखरेच्या गोळ्या कुणालाच नाहीत. "मधेच सोडलं तर पुढचे उपचार बंद करणार का?" नाही. "रक्त किती काढणार?" बरंच, आणि डॉक्टरांनी हे लपवलं नाही. शेवटचा प्रश्न मला माहीतच नव्हता: "डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, महिनाभर गावी जाता येईल का?" भेटींच्या तारखा ठरलेल्या असतात, दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतात, महिना नाही. यावर ती गप्प झाली. त्या दिवशी तिने सही केली नाही. पुढच्या आठवड्यात केली, आणि पुतण्याला स्वतः फोन करून येणार नसल्याचं सांगितलं.

सही म्हणजे प्रवेश नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यानंतर छाननी. मेंदूचा एमआरआय, हृदयाचा आलेख, मूत्रपिंड, यकृत. आईच्या रक्तात हिपॅटायटिस बीचं कोअर अँटिबॉडी सापडलं. म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला असावा. भारतात किंवा चीनमध्ये जन्मलेल्यांत ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पूर्वी अनेक ट्रायल्स अशांना सरसकट बाहेर ठेवायच्या. वंशाचं नाव न घेता वंशानुसार गाळणारी चाळणीच ती. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सुचवलं की हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही आहे एवढ्यावरून रुग्ण नाकारू नका, विषाणू आटोक्यात आहे का ते बघा. आईच्या रक्तात विषाणू सापडला नाही. विषाणू दाबून ठेवणारी एंटेकाव्हिरची रोज एक गोळी जोडली आणि ती आत आली.

केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बसचालक कृष्णवर्णीय बाई असायच्या. मेडिकेडवर, स्वतः गाडी चालवून यायच्या. त्यांना दुसऱ्या एका ट्रायलने नाकारलं होतं. कारण? पांढऱ्या पेशींमधले न्यूट्रोफिल कमी. "जन्मभर एवढेच आहेत, कधी आजारी पडले नाही," त्या म्हणाल्या. अमेरिकेतल्या सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीयांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल कमी दिसतात, पण संसर्गाचा धोका वाढलेला नसतो. किमान १५०० न्यूट्रोफिल हवेत ही अट मात्र सगळ्यांना एकच. आपले आकडे असे अटीच्या काठावर अडले तर डफीची तपासणी मागा. या बाईंना ती कुणी सुचवली नव्हती. मी नॅव्हिगेटरला सांगितलं, तिने पुढे कळवलं.

नोंदणीच्या अर्जात वंशाचा रकाना होता. आईपुढे "आशियाई" अशी एकच चौकट. ईजीएफआरच्या ट्रायल्सच्या तक्त्यांत आशियाई भरपूर दिसतात, पण ते बहुतेक चीन, जपान, कोरिया, तैवानमधले. त्यात दक्षिण आशियातले किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. मी समासात "भारतीय" असं लिहिलं. संगणकात ते गेलं नसणार.

दर भेटीला तब्येतीची प्रश्नावली भरायची असते. टॅबलेटवर इंग्रजी आणि स्पॅनिश. आईच्या उत्तरांना मी शब्द देणार, म्हणजे तिच्या वेदनेचं मोजमाप माझ्या अंदाजाने! युरोपातल्या संस्थेने बनवलेली हीच प्रश्नावली मराठीत आहे आणि मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये वापरून तपासलेली आहे, हे मी वाचलं होतं. समन्वयकाला तसं लिहिलं. कंपनीने कागदी प्रत पाठवली. आता आई स्वतः भरते. तिचा थकवा मी समजत होते त्याहून पुष्कळ जास्त निघाला, आणि डॉक्टरांनी पुढच्याच फेरीत मात्रा कमी केली.

हो, संगणकाने तिला केमोच्या गटात टाकलं. म्हणजे एडिसनच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच औषध. मामा म्हणाला, मग एवढा खटाटोप कशाला? मला तसं वाटत नाही. तिच्यावर जास्त बारीक लक्ष आहे आणि नव्या औषधाचा हिशेब ज्यांच्याशी तुलना करून होणार आहे त्यांत ती आहे.

२०२२ च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने कायदा केला की मोठ्या ट्रायल्स करणाऱ्या कंपन्यांनी कुठल्या गटांतले किती रुग्ण घेणार याचा आराखडा एफडीएला द्यावा. त्याची मसुदा-मार्गदर्शिका २०२४ मध्ये आली, जानेवारी २०२५ मध्ये संकेतस्थळावरून काढली गेली आणि न्यायालयाच्या आदेशाने परत दिसू लागली. त्याचं पुढे जे व्हायचं ते होवो. तोवर एक व्यवहाराची गोष्ट: पार्किंग, टोल, पेट्रोल यांचे पैसे ट्रायलकडून मिळू शकतात. प्रवास आणि राहण्याचा खर्च देण्याला एफडीएची हरकत नाही. पण आपण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि टर्नपाइक या महामार्गाच्या टोलचा तपशील ई-झेडपासच्या (टोल आपोआप भरणाऱ्या सोयीच्या) खात्यातून उतरवून घ्यावा लागतो.