आवाज घरात, ओटीपी उसाच्या फडात

बारावीच्या इंग्रजीला 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. वर्गात उभं करून बोलायला लावलं की आमच्या धारूर तालुक्यातली पोरं मान खाली घालतात आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. म्हणून सरावाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवायचं ठरवलं. लॉकडाऊनमध्ये त्यासाठी फ्लिपग्रिड हे पोरांचे छोटे व्हिडिओ मागवायचं अ‍ॅप वापरलं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते 2018 मध्ये घेतलं, पुढं नाव फ्लिप झालं, 2024 मध्ये वेगळं अ‍ॅप बंद होऊन ती सोय मायक्रोसॉफ्टच्याच टीम्स अ‍ॅपमध्ये गेली. आमच्याकडं टीम्स कुणाकडं असणार? मग फाइल घेणारा ऑनलाइन फॉर्म केला. विषय दिले, दीड मिनिटाची वेळ दिली, पोरांनी रेकॉर्डिंगही उत्साहानं केलं.

आणि फॉर्म म्हणाला, साइन इन करा.

नुसतं उत्तर लिहायचं असतं तर चाललं असतं, पण फाइल जोडायची म्हणजे ईमेल खातं हवंच. आता हे खातं कुणाचं? दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, चांगला फोन बापासंगं गेला. आजीजवळ राहिला तो जुना, फॉरमॅट मारलेला. खातं काढलं होतं मोबाइल दुकानवाल्यानं. पासवर्ड त्याला आठवत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की ओटीपी बापाच्या नंबरवर, म्हणजे थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडात. एक पोरगं माझ्यासमोर फोन कानाला लावून उभं होतं. ‘‘थांबा सर, पप्पा मुकादमाला आकडा दाखवायलेत.’’ मुकादमानं आकडा सांगेपर्यंत मुदत संपलेली. पुन्हा पाठवा म्हणावं तर तिकडं रेंज गेलेली, नाहीतर ट्रॅक्टर भरायचं चाललेलं.

नवं खातं काढावं, तर ‘हा नंबर फार वेळा वापरला गेला आहे’. दुकानवाल्यानं अर्ध्या गावाची खाती आपल्याच नंबरवर काढून ठेवलेली. मदतीचं पान वाचलं, तिथं सगळं गृहीत धरलेलं: माणशी एक फोन, माणशी एक नंबर, आणि तो नंबर हातातच. ज्यानं हे लिहिलं त्याला एक हंगाम कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, नेऊन ठेवावं, असं आजही वाटतं. पोरं बोलायला तयार, मी ऐकायला तयार, आणि मधी हा आकडा.

शेवटी फॉर्म सोडला आणि व्हॉट्सअ‍ॅप धरलं. आजीच्या सिमवर ते चालतं. मात्र व्हिडिओ गटावर मागवू नका, वैयक्तिक नंबरवर मागवा. गटावर टाकला की पुन्हा तीच खसखस. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, पण उच्चार जोखायला आवाज पुरेसा येतो. ज्यांच्या घरी तेवढंही नाही, त्यांचं रेकॉर्डिंग माझ्याच फोनवर, ऑफ तासाला प्रयोगशाळेत.

सुरुवातीला नाव आणि हजेरी क्रमांक बोलायला लावा, नाहीतर गॅलरीत नुसत्या तारखा दिसतात. पंखा बंद. कॅमेरा 720 वर ठेवा. 1080 वर दीड मिनिटाची फाइल सहज शंभर एमबीच्या पुढं जाते. कागद वाचणारा लगेच कळतो, डोळे डावीकडून उजवीकडं सरकत राहतात. त्याला मी त्याच विषयावर व्हॉइस मेसेजनं एक उपप्रश्न टाकतो आणि लगेच उत्तर मागतो.

सरावाला कितीही वेळा रेकॉर्ड करू द्या. स्वतःचं ऐकून नको वाटलं की पोरं आपणहून पुन्हा बोलतात. खरं शिकणं तिथंच होतं. वर्षभर गप्प बसलेल्या एका पोरीनं ज्वारीच्या रानात उभं राहून व्हिडिओ केला. मागून म्हातारी ओरडली, ‘‘कुणाशी बोलायलीस गं?’’ पोरगी वळून म्हणाली, ‘‘माय एक्झाम इज गोइंग ऑन, आज्जी!’’ आणि पुढं बोलत राहिली. हे काही पाठ केलेलं नव्हतं. ओघाचे पूर्ण गुण दिले.

मुलींच्या घरी आधी विचारा. चेहरा नको म्हणाले तर कॅमेरा भिंतीकडं करून बोललेलंही मी धरतो. आणि गुण भरून झाले की सगळे व्हिडिओ पुसून टाकतो, पोरांना सांगून.