तुम्ही विचारलंत म्हणून: मालदांडी तगते, मग सोयाबीन का जातं?

परभणी-हिंगोलीकडे कुणाच्या ओसरीवर बसले आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. "मॅडम, रब्बीच्या मालदांडी ज्वारीवर पेरणीनंतर थेंब पडला नाही तरी ती येते. उन्हाळी भुईमूग एप्रिलच्या उन्हात हिरवागार उभा असतो. मग सोयाबीनला भर पावसाळ्यात पंधरा दिवसांची उघडीप का सोसत नाही?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारलाय. मालदांडीला पाणी कमी पडतं ते थंडीत. भुईमुगाला ऊन लागतं, पण त्याच्या मुळाशी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असतं. सोयाबीनला उघडिपीत दोन्ही एकाच वेळी गाठतात, आणि ऊन अधिक पाण्याची ओढ अशी बेरीज करून झाडाचं नुकसान मोजता येत नाही. ते बेरजेपेक्षा जास्त होतं. का, ते सांगते.

पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाड तिथूनच आत घेतं आणि पाण्याची वाफही तिथूनच बाहेर जाते. वाफ जाताना पानातली उष्णता घेऊन जाते. घरातला माठ ज्या कारणानं गार राहतो त्याच कारणानं पान गार राहतं. त्याच माठाला बाहेरून ऑइल पेंट फासला तर पाणी गार होत नाही. पाणी दिलेला भुईमूग रंध्रं उघडी ठेवतो, म्हणून रणरणत्या दुपारीसुद्धा त्याचं पान हवेपेक्षा थोडं गार असू शकतं.

जमिनीतली ओल कमी झाली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि रंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं. डिसेंबरच्या थंडीत यानं फार बिघडत नाही, कारण पान तापण्याची भीतीच नसते. खोल काळ्या रानातली ओल पुरवून पुरवून वापरत मालदांडी कणसापर्यंत पोचते.

आता सोयाबीनचं बघा. उन्हापासून वाचायचं तर रंध्रं उघडायला हवीत, पाणी वाचवायचं तर मिटायला हवीत. दोन्हींसाठी दार एकच. बहुतेक झाडं अशा वेळी मिटून घेतात आणि पान हवेपेक्षा जास्त तापतं. तुमच्या मोबाइलवर दिसतं ते हवेचं तापमान. पानाला सोसावं लागतं ते त्याहून वेगळं असतं आणि ते नेहमीच्या हवामान केंद्रावर नोंदलं जात नाही.

त्यात हवासुद्धा पाणी ओढत असते. तापमान ३० अंशांवरून ४० वर गेलं, की वाफ सामावून घेण्याची हवेची क्षमता सुमारे पावणेदोन पट होते. म्हणजे तेवढ्याच पानातून, तेवढ्याच वेळात, जास्त पाणी खेचलं जातं. काळी जमीन वाळताना आकसते, तिला भेगा पडतात, बारीक मुळ्या तुटतात आणि खालची ओलही भेगांमधून उडते. उन्हाच्या उघडिपीत हे सगळं लवकर होतं, ढगाळ उघडिपीत सावकाश.

रंध्रं मिटल्यावर झाडाची उपासमारही सुरू होते. आत कार्बन डायऑक्साइड कमी येतो. तो पकडणारं रुबिस्को नावाचं विकर उष्णतेत आधीच चुकार होतं, कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन जास्त पकडू लागतं आणि कमावलेली ऊर्जा वाया जाते. श्वसन मात्र उष्णतेनं वाढतं, रात्र गरम असेल तर रात्रीही वाढलेलंच राहतं. आवक घटली आणि खर्च वाढला. ज्वारी, बाजरी आणि मका यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून रुबिस्कोपर्यंत नेण्याची वेगळी सोय आहे. सोयाबीन, तूर, कपाशीत ती नाही. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडे सोयाबीन माना टाकतं आणि पलीकडची बाजरी तग धरते.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉन मिटलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर केलेला अभ्यास मी नेहमी सांगते. नुसती पाण्याची टंचाई असली तर ते रोप पेशींमध्ये प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवतं. उष्णता आणि टंचाई एकदम आली तर प्रोलिन साठवत नाही, त्याच्या जागी साखर साठवतं. तापलेल्या पेशीला प्रोलिन बाधू शकतं. शेकडो जनुकं अशी निघाली, की ती दोन्ही ताण एकत्र आल्यावरच वेगळी वागली. नुसत्या उन्हात किंवा नुसत्या टंचाईत नाही. म्हणजे झाडाच्या लेखी हे तिसरंच संकट आहे.

आणि २०२२ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी थेट सोयाबीनवर जे पाहिलं, ते वाचून मला भरून आलं होतं. दोन्ही ताण एकत्र आले तेव्हा सोयाबीननं पानांची रंध्रं मिटली, पण फुलांची उघडी ठेवली. पानं तापू दिली, पाणी वाचवलं आणि त्या पाण्यावर फुलं काही अंशांनी गार ठेवली. उष्णता सगळ्यात आधी मारते ती परागकणांना, आणि झाड शेवटपर्यंत त्यांनाच जपत होतं. पण त्यालाही मर्यादा आहे. मुळाशी ओलच उरली नाही तर फुलगळ होते, शेंगा धरत नाहीत, धरलेल्या पोचट राहतात. पान हिरवं दिसतं म्हणून "पीक बरं आहे" असं बांधावरून म्हणू नये ते याचसाठी.

आपल्याकडे जूनअखेर पेरलेलं सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी पीक विम्याच्या अग्रिमासाठी, म्हणजे भरपाईच्या आगाऊ रकमेसाठी, पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड हा निकष घरोघरी पाठ झाला होता. माझा आक्षेप तिथेच आहे. या आकड्यात ऊन कुठे आहे? मुरमाड रानात, फुलोऱ्यात, लख्ख उन्हाचे पंधरा दिवस हे भारी रानातल्या २१ ढगाळ दिवसांपेक्षा घातक असू शकतात. पावसाचे कोरडे दिवस मोजायचे तर त्या दिवसांतलं तापमान आणि पिकाची अवस्थाही मोजली पाहिजे. हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते आणि बोलत राहीन.

मग करायचं काय, हेही लगेच विचारलं जातं. जुनी माणसं कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते खरं आहे. भेगा बुजतात, ओल राहते. सोयाबीन दाटलं की कोळपं चालत नाही, म्हणून ते त्याआधीच करावं लागतं. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर सरीत मुरलेलं पाणी उघडिपीत कामी येतं. खंड पडल्यावर एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी कृषी विद्यापीठ सुचवतं. तिचा उपयोग होतो, पण ती पाण्याची जागा घेत नाही. शेततळ्यात एकाच पाळीपुरतं पाणी असेल तर ते फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळासाठी राखा. आधीच्या वाढीत पीक थोडं खुजं राहिलं तर भरून निघतं, गळालेलं फूल परत येत नाही.

"मग सोयाबीन सोडूनच द्यायचं का?" असंही विचारतात. मी तसं सांगत नाही. हातात लवकर पैसा देणारं दुसरं पीक कोरडवाहूवाल्याकडे आज फारसं नाही, हे मला माहीत आहे. पण सलग सोयाबीन न करता त्यात तुरीच्या ओळी घ्या, असं जरूर सांगते. तूर खोल मुळाची आहे आणि तिचा फुलोरा पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर येतो. ऑगस्टच्या एकाच तापलेल्या उघडिपीत दोन्ही पिकांची फुलं सापडत नाहीत.