तुम्ही विचारलंत म्हणून: गायकवृंद युरोपला नेताना घोडं पेंड कुठे खातं?

चाळीस गायक घेऊन युरोपात कार्यक्रम करायचे तर सगळ्यात अवघड काय, हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात घसा, थंडी, जेवण असतं. आमचं उत्तर: बसचालकाचं घड्याळ.

युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबायचं. दिवसाला चालवायचे तास नऊ, आठवड्यातून दोनदा दहा. शिवाय 24 तासांत सलग 11 तास विश्रांती. बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवत असतं, त्यामुळे ‘दादा, अर्धा तास ओढा की’ तिथे चालत नाही. आता हिशेब करा. सकाळी आठला बस निघाली तर रात्री नऊला ती उभी राहायला हवी, आणि साडेसातचा कार्यक्रम तर नऊच्या पुढेच संपतो! मग बस दुपारीच बोलवायची, नाहीतर जिथे कार्यक्रम आहे त्या चर्चपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हॉटेल घ्यायचं. तिसरी वाट म्हणजे चालकाला मध्ये सलग तीन तास मोकळं सोडायचं. मग विश्रांती तीन अधिक नऊ अशी विभागता येते आणि बस रात्री अकरापर्यंत हाताशी राहते. पण त्या तीन तासांत कुणाची ओढणी हॉटेलवर राहिली म्हणून एक फेरी मारलीत, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून आधी बसचं वेळापत्रक, मग कार्यक्रमपत्रिका.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, गणित त्यामानाने सरळ. मुक्काम जिथे जास्त, त्या देशाकडे अर्ज. सारखाच असेल तर जिथून प्रवेश करणार तिथे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा, वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. अडतं ते नावांत. वृंदात सासरच्या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या काकूंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा निघतो, आणि तिकिटांची यादी कुणीतरी व्हॉट्सॅप ग्रुपवरून उतरवलेली असते. पासपोर्टची प्रत समोर असल्याशिवाय एकही नाव लिहू नका.

चर्चच्या ऑर्गनसोबत पेटी वाजवण्याचा मोह टाळा. हवा गार झाली की ऑर्गनच्या नळ्यांचा सूर उतरतो, पेटीतल्या कंप पावणाऱ्या पितळी पात्यांवर त्यामानाने फारच कमी परिणाम होतो. न तापवलेल्या चर्चमध्ये दोन्ही एकत्र ऐकवत नाहीत. मोठ्या कॅथेड्रलमध्ये आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो, द्रुत तानांचा तिथे नुसता लगदा होतो. लय उतरवा, व्यंजनं ठसठशीत उच्चारा.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. तबल्याची हातोडी मात्र चेक-इन बॅगेतच टाका. सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली, तर परगावी तबलजी नवी कुठे शोधणार?