भोपळा टुणूक की गडगड?

आमच्या बाईसाहेब साडेचार वर्षांच्या. "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक"चं कार्टून तिला पाठ, म्हणजे मला तरी तसं वाटायचं. एकदा रात्री लाइट गेले, वायफाय बंद, मी म्हटलं आज तूच सांग गोष्ट. तर भोपळ्याचा रंग, वाघाच्या मिशा सगळं सांगितलं, पण म्हातारी वाघाला काय म्हणते ते काही येईना! "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा" हे अख्खं तिच्या कानावरून गेलेलं. तिचं तरी काय चुकलं म्हणा, समोर एवढं हलतंय-डुलतंय तर कान कशाला कष्ट घेतील.

मग नियम केला. एकदा बघायचं, दुसऱ्यांदा फोन पालथा घालून नुसतं ऐकायचं, आणि वाघ भेटला की मी पॉज करणार, पुढचं तिने म्हणायचं. दोन दिवस भोकाड पसरलं, तिसऱ्या दिवशी मीच एक ओळ चुकले तर माझ्यावर ओरडली.

खरी मजा पुढे. शेजारच्या बंगाली काकूंनी त्यांच्याकडची हीच गोष्ट लावून दिली (इराणातही आहे म्हणे, तिथे "कदू किलकिलेज़न", आपण उगाच समजतो म्हातारी आपलीच). हिला बंगाली शून्य, पण गोष्ट माहीत असल्यामुळे ती चक्क शब्द शोधत बसली. तिकडे म्हातारी लेकीकडे नाही, नातीकडे जाते, आणि बसते "लाऊ"मध्ये, म्हणजे आपला दुधी! दोन-तीनदा ऐकून मला म्हणते, "आई, यांचा उड्या नाही मारत, गडगडत जातो." कारण गाणंच "लाऊ गडगड" असं आहे. मला हे आजवर सुचलं नव्हतं.

बुकबॉक्स नावाच्या संस्थेच्या अ‍ॅनिबुक्समध्ये (म्हणजे गोष्टींचे अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ) एकच गोष्ट बऱ्याच भाषांत मिळते, खाली त्याच भाषेतला मजकूर येतो आणि बोलतील तसा शब्द रंग बदलतो. वाचायला लागलेल्या पोरांना मस्त, आमची अजून अक्षरांना चित्रंच समजते म्हणून सध्या फोन पालथाच.

परवा व्हिडिओ कॉलवर हिने आजीला गोष्ट सांगितली, म्हातारी जाताना टुणूक, येताना गडगड. आजीने विचारलं, "अगं पण दुधीत म्हातारी मावली कशी?" त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, काकूंना विचारून सांगते म्हणाली.